व्हीआरएस घेतली, आता लॉज-हॉटेलात अर्धवेळ काम? पेन्शन, पीएफ आणि पाळीचा हिशेब आधी समजून घ्या

बऱ्हाणपूर (स्थानिक प्रतिनिधी) : आपल्या जिल्ह्याला व्हीआरएस हा शब्द नवा नाही. नेपानगरच्या कागद कारखान्याचं उत्पादन २०१६ मध्ये नूतनीकरणासाठी थांबलं. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेपा लिमिटेडसाठी ४६९ कोटी ४१ लाखांचं पुनरुज्जीवन पॅकेज मंजूर केलं, त्यातच सुमारे ४०० कर्मचाऱ्यांच्या स्वेच्छानिवृत्तीची तरतूद होती. कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला, पण मधल्या काळात जे बाहेर पडले ते बाहेरच राहिले. इकडे बऱ्हाणपूर ताप्ती मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून बंद आहे. बीएसएनएलने तर ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी देशभरात ७८ हजारांहून जास्त लोकांना स्वेच्छानिवृत्त केलं, त्यात आपल्या भागातले लोकही होते.

या मंडळींचं वय ५० ते ५८. हातपाय चालतात, मुलांची लग्नं-शिक्षणं अजून बाकी असतात आणि दिवसभर घरी बसवत नाही. मग कुणी लॉजच्या काउंटरवर रात्रपाळी धरतो, कुणी भोजनालयाच्या गल्ल्यावर बसतो, कुणी लग्नसराईत केटरर्सचं कोठीघर सांभाळतो. कारखान्यात हजेरी, स्टोअर, हिशेब यांची सवय झालेला माणूस या धंद्याला हवाच असतो. काम हलकं आणि वेळ आपल्या सोयीची, असं दोन्हीकडून जमतं.

मात्र बरेच जण हे काम फक्त “वेळ जावा म्हणून” करतात आणि पैशाकडे लक्षच देत नाहीत. खरं तर व्हीआरएसपासून पूर्ण पेन्शन सुरू होईपर्यंतची चार-आठ वर्षं हा सगळ्यात नाजूक काळ. या काळात महिन्याला आठ-दहा हजार बाहेरून आले, तर ठोक रकमेला हात लागत नाही आणि पेन्शन वेळेआधी कमी दराने उचलावी लागत नाही. हे दोन फायदे पगारापेक्षा मोठे आहेत. ते कसे मिळवायचे आणि कुठे फसगत होते, याची ही माहिती.

बऱ्हाणपुरात असं काम कुठे असतं?

आपलं शहर इंदूर–इच्छापूर रस्त्यावर आणि खंडवा–भुसावळ या मुख्य रेल्वेमार्गावर आहे. महाराष्ट्रातून ओंकारेश्वर-उज्जैनला जाणाऱ्या गाड्या इथूनच पुढे जातात. दर्गा-ए-हकीमीला बोहरा समाजाचे भाविक वर्षभर येतात. नवरात्रात इच्छापूरला इच्छादेवीच्या दर्शनाला दोन्ही राज्यांतून गर्दी होते. शाही किल्ला, जामा मशीद, अशीरगड आणि १६३१ मध्ये मुमताज महलचं इथे झालेलं निधन, यामुळे इतिहासाची आवड असणारेही येतात. खान-ए-खानान अब्दुर्रहीम यांच्या काळातला कुंडी भंडारा मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे, तेव्हा या रस्त्यावरची वर्दळ वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको.

कामाचे प्रकार साधारण चार. पहिला, लॉज किंवा यात्रीनिवासाचा काउंटर. यात रात्रपाळीला माणूस जास्त लागतो. दुसरा, भोजनालय-मिठाईच्या दुकानाचा गल्ला. मावा जिलेबी आणि दराब्याच्या दुकानांवर सणासुदीला जादा हात लागतातच. तिसरा, मंगल कार्यालय आणि केटरर्सकडे पाळीवर काम. म्हणजे किराणा मोजून देणं, भांडी गिनून घेणं, वाढप्यांची हजेरी ठेवणं. हे काम तुळशीचं लग्न झालं की सुरू होतं आणि आषाढात थंडावतं. चौथा प्रकार म्हणजे स्वतःच्या घरात होमस्टे. यात नोकरी नसते, आपणच मालक. त्याचं गणित वेगळं आहे, ते पुढे दिलं आहे.

आधी पेन्शनचं बघा

सगळ्यांची पेन्शन सारखी नसते, इथेच घोळ होतो. दूरसंचार खात्यातून बीएसएनएलमध्ये आलेल्यांना सरकारी पेन्शन आहे. त्यांनी खासगी लॉजवर काम केल्याने ती थांबत नाही. गिरणी, कारखाना, खासगी कंपनीतल्यांची पेन्शन बहुधा ईपीएस-९५ ची असते. तिचे नियम असे :

पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. ५० नंतर आधीही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात. ही कपात ५८ झाल्यावर भरून निघत नाही, आयुष्यभर राहते. उलट ५८ नंतर थांबलात तर ६० पर्यंत दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. ५२ व्या वर्षी “आता मिळतेय ना, घेऊन टाकू” म्हणून फॉर्म भरणाऱ्याने ही गोष्ट बायको-मुलांसोबत बसून तपासावी, कारण पुढे विधवा पेन्शनचा प्रश्नही याच खात्याशी जोडलेला असतो.

नोकरी सोडताना १० वर्षं पूर्ण झाली असतील आणि लगेच पेन्शन घ्यायची नसेल, तर फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट काढून ठेवा. नवीन ठिकाणी पीएफ लागू असेल तर त्याच यूएएनवर सेवा पुढे जोडली जाते.

पीएफ कापला जाईल का?

ज्या हॉटेलात २० किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे पीएफ लागू होतो. तुम्ही आधीचे सभासद असाल आणि खातं तसंच असेल, तर कपात होणार. ती होऊ द्या. अर्धवेळ आहे म्हणून पीएफ नको, असं काही मालक सांगतात, पण सूट अर्धवेळ असण्यामुळे मिळत नाही. ५५ वर्षांनंतर निवृत्त होऊन ज्याने पीएफची पूर्ण रक्कम काढली आहे, त्याला मात्र पुन्हा सभासद करण्याची सक्ती नाही. ५८ नंतर पेन्शन फंडात रक्कम जाणं बंद होतं.

१० किंवा जास्त कामगार असलेल्या हॉटेलात ईएसआय लागते. महिन्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल तर कामगाराकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. महिन्याला ८ हजार पगार असेल तर तुमच्या खिशातून ६० रुपये जातात आणि नवरा-बायकोच्या औषधपाण्याची सोय होते. व्हीआरएस घेतल्यावर कंपनीचा दवाखाना सुटतो, हे लक्षात घेता ही सोय लहान नाही.

गिरणी कामगारांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवावी. ईएसआयमध्ये किमान ५ वर्षं विमाधारक राहून जो वयाने किंवा स्वेच्छेने निवृत्त झाला, तो वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सुविधा चालू ठेवू शकतो. हे अनेकांना माहीतच नसतं.

ठोक रकमेचा हिशेब

स्वेच्छानिवृत्तीची भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त असते, आणि ही सवलत आयुष्यात एकदाच मिळते. त्यासाठी योजना आयकराच्या नियमात बसणारी असावी लागते. त्यातली एक अट अशी की निवृत्त झालेल्या माणसाने त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी धरू नये. केंद्र सरकारच्या उपक्रमातून व्हीआरएस घेऊन दुसऱ्या केंद्रीय उपक्रमात लागलात, तर भरपाई परत करण्याची वेळ येते. खासगी लॉज, केटरर किंवा भोजनालयाला ही अडचण नाही.

आता एक उदाहरण. आकडे फक्त गणितासाठी घेतले आहेत. वय ५४, हातात १२ लाख, घरखर्च महिन्याला १६ हजार. ज्येष्ठ नागरिक बचत योजना ६० वर्षांनंतरची आहे. स्वेच्छानिवृत्त माणसाला ती ५५ पासून मिळते, पण रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत गुंतवावी लागते. ५४ वाल्याला ते दार बंद. मग पोस्टाची मासिक उत्पन्न योजना. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात आणि २०२५-२६ मध्ये व्याजदर ७.४ टक्के होता. १२ लाखांवर महिन्याला ७,४०० रुपये.

खर्च १६ हजार, व्याज ७,४००, तूट ८,६०० रुपये. ही तूट मुद्दलातून काढली तर वर्षाला १ लाख ३ हजार, चार वर्षांत ४ लाख १२ हजारांच्या पुढे. शिवाय मुद्दल घटलं की व्याजही घटतं, त्यामुळे खड्डा याहून मोठा होतो. ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होईल तेव्हा तिजोरीचा तिसरा हिस्सा संपलेला असेल. याच माणसाला आठवड्याला चार पाळ्या आणि पाळीला ५०० रुपये मिळाले, तर महिन्याच्या १७ पाळ्यांचे ८,५०० होतात. तूट जवळपास भरली, १२ लाख जागच्या जागी. पाळीचे पाचशे रुपये दिसायला किरकोळ, पण ते बारा लाखांची राखण करतात.

आयकराची भीती बाळगू नका. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर येत नाही. पगार किंवा पेन्शन असेल तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी. पण ज्या वर्षी व्हीआरएसची मोठी रक्कम आली, त्या वर्षीचं विवरणपत्र जाणकाराकडूनच भरा.

मालकाशी काय ठरवायचं?

या धंद्यात बोलणं तोंडी होतं. “या हो काका, तुमचंच आहे,” असं म्हणतात आणि महिनाअखेर पाळ्यांच्या आकड्यावरून वाद होतो. काका म्हटलं म्हणून हिशेब मागायला लाजू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यानुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब आणि जादा कामाचा दर किमान दुप्पट, हेही त्यात आहे. ठराविक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो.

आपल्याकडे अर्धवेळ कामगार असा वेगळा वर्ग कायद्यात नीट मांडलेला नाही. जर्मनीत ‘मिनीजॉब’ नावाचा प्रकार आहे, त्यात २०२५ मध्ये महिन्याला ५५६ युरोपर्यंतच्या कमाईला वेगळे सोपे नियम होते. जपानमध्ये १९७५ साली टोकियोत सुरू झालेली ‘सिल्व्हर’ केंद्रं साठीपुढच्या लोकांना हलकं, थोड्या वेळाचं काम मिळवून देतात. आपल्याकडे अशी व्यवस्था नसल्यामुळे आपला कागद आपणच करून घ्यावा लागतो.

एका साध्या पानावर एवढं लिहून दोघांनी सही करावी : पाळी किती ते किती, आठवड्यात किती पाळ्या, पाळीचा दर, जादा तासाचा दर, जेवण-चहा मालकाकडून की स्वतःचा, सुट्टी किती दिवस आधी सांगायची, गल्ल्यात तूट आली तर जबाबदारी कशी ठरणार. शेवटचा मुद्दा विसरू नका. गल्ला दोन माणसं हाताळत असतील तर पाळी बदलताना रोकड मोजून वहीत सही घ्यायचीच. पगार बँकेत किंवा यूपीआयने घ्या, म्हणजे पुरावा राहतो.

दर बरोबर आहे का हे तपासायला सोपा उपाय. मध्य प्रदेशात किमान वेतन अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि उच्चकुशल अशा श्रेणींत असतं, त्याचा महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. चालू दर श्रम कार्यालयात मिळतो. तुमच्या श्रेणीचा रोजचा दर ८ ने भागा, तासाचा दर निघेल. त्यापेक्षा कमी मिळत असेल तर बोला.

सीमेपलीकडे काम धरलं तर?

रावेर, मुक्ताईनगर, भुसावळला काम करणारे आपले बरेच लोक आहेत. तिथे महाराष्ट्राचे किमान वेतनाचे दर लागतात, आपले नाही. व्यवसाय करातही फरक आहे. मध्य प्रदेशात वर्षाला सव्वादोन लाखांपर्यंत पगाराला हा कर नाही. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिन्याला १० हजारांच्या वर गेला की वर्षाला २,५०० रुपये, महिलांना मात्र २५ हजारांपर्यंत सूट. रात्री परतायच्या गाडीचा खर्चही धरा. पाळीला शंभर रुपये जास्त मिळाले आणि ऐंशी भाड्यात गेले, तर जाणं-येणं फुकट गेलं.

रात्रपाळीचा काउंटर : सोपा दिसतो, जपून करा

लॉजच्या काउंटरवर बसणाऱ्याने ओळखपत्र पाहिल्याशिवाय आणि रजिस्टरमध्ये नोंद केल्याशिवाय कुणाला खोली देऊ नये. “साहेबांचा माणूस आहे” असा फोन आला तरी नाही. काही भानगड झाली तर पोलिस पहिल्यांदा काउंटरवाल्यालाच विचारतात. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, ते काम कोणाचं हे मालकाकडून लिहून घ्या. बीपी, साखरेचा त्रास असेल तर सलग रात्रपाळ्या धरू नका, दिवसाचा गल्ला मागा.

घरातच होमस्टे

केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा चालतात, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. आपल्या राज्यात होमस्टेची नोंदणी मध्य प्रदेश टुरिझम बोर्डाकडे होते. जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते, लहान व्यवसायाला तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. तुमची नोंदणी नसेल आणि बुकिंग ऑनलाइन कंपनीमार्फत आलं, तर तो कर ती कंपनीच भरते.

इथे एकच इशारा. व्हीआरएसच्या पैशातून वरचा मजला चढवून होमस्टे सुरू करू नका. असलेली एखादी रिकामी खोली रंगवून, स्वच्छ न्हाणीघर करून, दोन हंगाम बघा. पाहुणे येतात असं दिसलं की मग पुढचं. लॉजमालक ‘भागीदार व्हा, पाच लाख टाका’ म्हणाला तरी हेच उत्तर. तुम्ही तिथे वेळ विकायला गेला आहात, मुद्दल गुंतवायला नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सरकारी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, परवानगी लागेल का?* केंद्र सरकारच्या गट-अ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत व्यावसायिक नोकरी धरायची असेल तर आधी परवानगी लागते. खालच्या गटांना ही अट नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या कार्यालयातून लेखी विचारून घ्यावं.

*ईपीएसची कमी केलेली पेन्शन आधीच सुरू झाली, आता काम केलं तर?* काम करता येतं. पण त्या नव्या नोकरीची सेवा पेन्शनमध्ये जोडली जात नाही.

*केटररकडे फक्त लग्नाच्या दिवशी जातो, कागद कशाला?* वहीत तारीख, तास आणि मिळालेली रक्कम लिहून केटररची सही घ्या. एवढं पुरतं. हंगाम संपल्यावर बाकी राहिलेले पैसे याच वहीवर निघतात.

*बायकोलाही जमेल का?* का नाही? पोळीभाजी केंद्र, होमस्टेची न्याहारी, मंगल कार्यालयातलं रुखवत-स्वागताचं काम महिलाच जास्त चांगलं करतात. फक्त तिचा पगार तिच्याच खात्यात जमा व्हावा.

तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामासाठी माणसं शोधायला केटरर दिवाळीआधीच लागतात. ज्यांना काम धरायचं आहे त्यांनी त्याआधी यूएएन चालू आहे का, पासबुकात सेवेची वर्षं बरोबर आहेत का आणि स्कीम सर्टिफिकेट हातात आहे का, एवढ्या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात.